बाजूच्या सीटवरची गुनबोर्ग

सिगवार्ड नोरेलने आयुष्यात कुणाचं धड कौतुक केलं असेल तर ते आपल्या गाडीचं. बाकी सगळं जग त्याच्या लेखी चुकीचंच बांधलेलं. धंद्याने तो धुराडी साफ करणारा. स्वीडनमधल्या ल्युस्नान नदीच्या काठाने आमचं टालबू गाव आणि आसपासच्या वस्त्या धरल्या, तर ज्याच्या छपरावर तो चढला नाही असं घर सापडायचं नाही. आणि जिथे चढला, तिथे खाली उतरून, घरधन्याचीच कॉफी पीत, त्यालाच नावं ठेवली नाहीत असंही घर सापडायचं नाही. यांची चूल वाकडी, त्यांची लाकडं ओली, पलीकडच्याने नवी गाडी आणली तर ती म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही त्याची रीत. लोक गुमान ऐकून घ्यायचे. धुराडं वापरायला बंदी घालायचा अधिकार त्याच्याकडे होता, आणि थंडीच्या तोंडावर कुणाला ती बला हवी असते?

पण ही गोष्ट त्याची नाही. त्याच्यावर इतका कागद खर्च करावा असं त्याच्यात काही नाही. ही त्याच्या बायकोची, गुनबोर्गची गोष्ट. गाडीही खरं म्हणजे तिची व्हायला हवी होती, पण व्हायला हवं ते सगळं झालं असतं तर गोष्टी कुणी सांगितल्या असत्या?

लग्नाआधी गुनबोर्ग डेअरीचा दुधाचा ट्रक चालवायची. गुडघाभर बर्फात, अंधाऱ्या सकाळी, कॅन खडखडत असताना, घाटातल्या वळणांवर. लग्नानंतर तिने पालिकेची नोकरी धरली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी जायचं, त्यांना उठवायचं, औषधं द्यायची, लापशी भरवायची, की पुढचं घर. त्यासाठी पालिकेची एक इवलीशी पांढरी गाडी होती. ती घेऊन गुनबोर्ग जंगलातल्या रस्त्यांवरून दिवसभर हिंडायची. रस्त्यात एल्क आडवे यायचे, घोड्यापेक्षा उंच जनावरं ती. वादळात झाडं पडायची. तिने पालिकेच्या गाडीला कधी ओरखडासुद्धा येऊ दिला नाही. आणि हीच बाई संध्याकाळी घरी आली, की घरच्या गाडीत बाजूच्या सीटवर बसायची, मांडीवर पर्स घेऊन, पाहुण्यासारखी.

घरची गाडी म्हणजे पिवळी व्होल्वो. लांबलचक, मागे खोलीभर जागा असलेली. लेक इल्वा जन्मली त्या वर्षी कोरी करकरीत आणलेली. इल्वाला दवाखान्यातून घरी आणताना स्टिअरिंगवर गुनबोर्गच बसली होती, कारण सिगवार्डला बाळ हातात धरायची हौस आली होती. फाटकापाशी दुसरा गिअर टाकताना एकदाच काय ते कर्र झालं. झालं! सिगवार्डने तो आवाज जन्मभर पुरवून पुरवून वापरला. पाहुणे आले की त्याची नक्कल, लग्नकार्यात त्याची नक्कल. बाळ रडलं नाही पण गाडी रडली, असं तो म्हणायचा, आणि स्वतःच हसायचा. त्या दिवसापासून पिवळीची किल्ली त्याच्या पँटच्या खिशात गेली ती गेलीच.

मेजवानीला गेलं की आमच्याकडे नवरा पितो आणि बायको गाडी घरी आणते. पोलिसांपुढे कुणाची मात्रा चालत नाही, त्यामुळे सगळ्या गावात हीच पद्धत. सिगवार्ड मात्र बायकोच्या हाती किल्ली द्यावी लागू नये म्हणून थेंबभर घेत नसे. जूनमधल्या मिडसमरच्या सणाला नाही, नाताळात नाही, सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नात नाही. पाद्रीणबाईंनी एकदा प्रवचनात त्याच्या संयमाचा दाखला दिला. गुनबोर्ग समोरच्या बाकावर बसून प्रार्थनेच्या पुस्तकात तोंड घालून हसली, आणि मग घरी जाताना तिला रडू आलं. संयम कसला मेला! नुसता हेका.

आणि तरी तिचा त्या गाडीवर जीव होता, हे मान्य करायला हवं. गाडीच तशी होती. पारा उणे तिसाच्या खाली गेला तरी पहिल्या झटक्याला चालू होणार. तिच्यात बटाट्याची पोती आली, इल्वाचा पियानो आला, शेजाऱ्याचं आजारी वासरू आलं, आणि इल्वा शिकायला गेली तेव्हा तिचा सगळा संसार एका फेरीत गेला. सिगवार्डही हात राखून नव्हता. दर वर्षी पिवळीला काहीतरी नवं मिळायचं. कधी इंजिन गरम ठेवणारा हीटर, कधी जनावरं लांबून दिसावीत म्हणून जास्तीचे दिवे, कधी नवं गिअरबॉक्स. बायकोच्या स्वयंपाकघरात बारा वर्षं गळका नळ होता, पण गाडीच्या पायाखाली दर हिवाळ्यात नवी रबरी चटई. बाजूच्या सीटला गुनबोर्गने स्वतः विणलेलं लोकरी आवरण होतं, आणि तिथून ती रस्ता बघत बसायची. वळण आलं की तिचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा, जिथे ब्रेक नसायचा तिथे.

मग आला तो वसंत, जेव्हा सिगवार्डने दुसरी गाडी घेतली. त्याला घ्यायची नव्हती, पण मेव्हण्याने डिवचलं. टॉर्गनी, गुनबोर्गचा धाकटा भाऊ, दर तीन वर्षांनी भाड्याची कोरी गाडी आणणारा आणि तिच्यातून उतरताना दार हळूच, प्रेमाने लावणारा. तो म्हणाला होता की दाजींची गाडी आता म्युझियमवाले येऊन घेऊन जातील. महिनाभर सिगवार्डने त्याला शिव्या घातल्या आणि मग जाऊन व्होल्वोच आणली, दहा वर्षं वापरलेली, निळी, जरा चौकोनी. घरी आल्याआल्या तो तिला नावं ठेवू लागला. हिची सीट मऊ, हिचं दार बारीक आवाज करतं, हिला माणसाची ओळख नाही. पिवळी कोठारात ताडपत्रीखाली गेली. तपासणीत ती पास होती, टायर नवे होते, दारांखालचा गंजलेला पत्रा नुकताच वेल्डिंग करून घेतलेला.

गुनबोर्गच्या मनात जे तेवीस वर्षं होतं ते तिने त्या संध्याकाळी सरळ बोलून टाकलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिला सवय नव्हती.

"जुनी मला दे," ती म्हणाली. "आता तुझ्याकडे नवी आहे."

सिगवार्डने हातातला काटा खाली ठेवला. "तुला? पालिकेची गाडी तू कशी पिळतेस ते मला दिसत नाही होय? पिवळीने खूप केलं आपल्यासाठी. आता तिला विसावा हवा."

"ती गाडी आहे, सिगवार्ड. तुझी आई नाही."

"म्हणूनच तुला देत नाही. तुला ती नुसती गाडी वाटते," तो म्हणाला आणि पुन्हा जेवायला लागला.

तिने पुन्हा मागितली नाही. पण रोज कामावर जाताना कोठाराच्या फटीतून ताडपत्रीचा कोपरा दिसायचा, आणि दिवसभर तिच्या डोक्यात एकच असायचं. ती गाडी मी चालवणार. कधीतरी, कशीतरी, पण चालवणार.

आता फोल्करेसबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. खडीच्या जुन्या खाणीत आमच्या क्लबाचं मैदान आहे. भंगारात जायच्या गाड्या तिथे शर्यतीत पळवतात. आतून सगळं काढायचं, काचा काढायच्या, फक्त पुढची ठेवायची, आत लोखंडी पिंजरा बसवायचा, एकच सीट, आणि चिखलात एकमेकांना ढुशा देत गोल गोल फिरायचं. मोठमोठी कर्तीसवरती माणसं हे करतात आणि सोमवारी परत बँकेत जाऊन बसतात. पण त्यात एक नियम आहे, तो मात्र शहाण्याने केलेला. शर्यत संपली की त्या दिवशी पळालेला कुणीही, दुसऱ्या कुणाचीही गाडी ठरलेल्या किमतीला मागू शकतो. किंमत सगळ्यांना एकच, अगदी किरकोळ. मालकाला नाही म्हणता येत नाही. म्हटलं तर त्याचं शर्यतीचं लायसन गेलं आणि गावात तोंड दाखवायची सोय गेली. का, तर पैसेवाल्याने गाडीत पैसा ओतून जिंकू नये. ज्याची गाडी लाडकी त्याने शर्यतीत उतरू नये, आणि उतरलाच तर जिंकू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

सिगवार्डला तर कळायलाच हवं. तरुणपणी तो स्वतः पळायचा. पुढे वर्षानुवर्षं क्लबाचा माईक त्याच्याच हातात. तो नियम तोच मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि वाचताना त्याच्या आवाजाला तूप सुटायचं. एकदा टॉर्गनीने जीव ओतून एक गाडी बांधली होती, तर सिगवार्डने त्याच दिवशी शर्यतीत नाव देऊन, कसाबसा एक फेरा मारून, ती मागून घेतली होती. टॉर्गनीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सिगवार्डने आठवडाभरात ती भंगारवाल्याला दिली.

ऑगस्टात टॉर्गनीच्या अंगणात शेवंडांची मेजवानी झाली. गोड्या पाण्यातले ते लालबुंद शेवंड शेपू घालून उकडायचे, डोक्याला कागदी टोप्या घालायच्या, आवाज करत चोखायचे आणि मधून मधून गाणी म्हणत प्याले रिचवायचे. टॉर्गनीचे दोन-चार प्याले पोटात गेले होते. सिगवार्डच्या पोटात नेहमीप्रमाणे लिंबूपाणी.

"दाजी," टॉर्गनीने सगळ्यांदेखत विचारलं, "कोठारातली मयत कधी उठवायची? की कुणी लांबचं नातेवाईक यायचं राहिलंय?"

टेबल हसलं. गुनबोर्गलाही हसू आलं, ते तिने शेवंडाच्या नांगीत लपवलं. सिगवार्डची कागदी टोपी थरथरली. तो म्हणाला की ती मयत अजून टॉर्गनीच्या कोणत्याही खेळण्याला धूळ चारेल. टॉर्गनी म्हणाला, मैदानावर आण की मग. आणि सिगवार्ड, माईकवरून जगाला नियम शिकवणारा सिगवार्ड, सगळ्यांसमोर म्हणाला की आणतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

पुढच्या गुरुवारी गुनबोर्ग कामावरून परतली, तेव्हा कोठाराचं दार सताड उघडं होतं. पिवळीच्या काचा गवतावर रचलेल्या. मागची सीट, गालिचे, छताचं कापड, दारांची आतली फळकुटं, सगळं अंगणभर पसरलेलं, मासा साफ करून आतडी फेकावीत तसं. आणि बाजूची सीट, लोकरी आवरणासकट, कचऱ्याच्या ढिगावर उलटी. सिगवार्ड आत बसून पिंजऱ्याचे बोल्ट पिळत होता. तोंडाने शीळ.

जी गाडी बायकोच्या हातात द्यायला त्याचा जीव झाला नाही, ती त्याने मेव्हण्याच्या एका टोमण्यासाठी सोलून काढली होती. गुनबोर्गला भयंकर संताप आला. तिने ती सीट उचलली, ओसरीवर आणून ठेवली, कॉफी करून आणली आणि तिच्यावर बसून प्यायली. सिगवार्डने तिकडे पाहिलं आणि विचारलं की ती खुर्च्या सोडून तिथे का बसली आहे. ती म्हणाली, सवय आहे. त्याला काही कळलं नाही. कळणार तरी कसं म्हणा.

कप विसळून ती बेरिटकडे गेली. बेरिट म्हणजे गावातली न्हावीण, पुरुषांचे केस कापते आणि बायकांच्या वर्गात पळते. फोल्करेसमध्ये बायकांचा वर्ग वेगळा असतो. बेरिटकडे दोन खटारे होते. गुनबोर्गने विचारलं की त्या दिवशी पळालेला कुणीही म्हणजे बायकाही का? बेरिटने कात्री खाली ठेवली. नियमात पुरुष असं कुठेच लिहिलेलं नाही, ती म्हणाली, आणि मग दोघी एकमेकींकडे बघत बसल्या. लायसनसाठी एका संध्याकाळचा वर्ग करावा लागतो. गुनबोर्गने तो नदीपलीकडच्या क्लबात केला आणि घरी सांगितलं की कोरसचा सराव आहे. दुसरा खटारा बेरिटने तिला देऊ केला. तो चालू व्हायला कुरकुरतो, एवढं मात्र बजावलं.

शर्यतीचा रविवार उजाडला. गुनबोर्ग नेहमीसारखी क्लबाच्या टपरीवर पावात सॉसेज घालून विकत होती. तेवीस वर्षं तिथेही तिचीच नेमणूक. तिला आता एकच धास्ती होती. सिगवार्ड जिंकला तर पिवळीवर डझनभर लोक मागणी टाकतील, मग चिठ्ठ्या उडवतील, आणि त्या ढिगात आपली चिठ्ठी निघायची शक्यता किती? लग्नानंतर पहिल्यांदाच ती मनातल्या मनात नवऱ्याला म्हणत होती, अरे मेल्या, हळू चालव.

पण सिगवार्डने तिचं काम स्वतःच सोपं केलं. तोही काही दुधखुळा नव्हता. गाडी जाऊ नये याची तजवीज त्याने आपल्या पद्धतीने केली. सकाळपासून तो एकेका पुरुषाला बाजूला घेत होता. खांद्यावर हात टाकून, हसत हसत विचारायचा, पिवळीवर मागणी टाकायचा विचार नाही ना? नाही ना, बरं. तुझ्या घरचं धुराडं पुढच्या महिन्यात तपासायचंय, आठवण आहे ना? एवढंच. जो नियम तो तूप लावून वाचत आला, त्याचाच गळा तो असा हसत हसत दाबत फिरला. सुतार नाही म्हणाला, बँकवाला नाही म्हणाला, दोघे शेतकरी भाऊ नाही म्हणाले. टॉर्गनीला विचारायची त्याला लाज वाटत होती, पण टॉर्गनीच मोठ्याने ओरडला की तो डबा फुकट दिला तरी त्याला नको. सिगवार्डने खुशाल हे वचन समजून घेतलं.

एकही पुरुष त्याने सोडला नाही. बायकांपैकी एकीलाही त्याने विचारलं नाही. मुद्दाम नव्हे. त्याच्या डोक्यातच आलं नाही. बायकांचा वर्ग सुरू झाला की तो माईकवरून वर्षानुवर्षं एकच विनोद करायचा, मंडळी, आता कॉफीची सुट्टी. आणि खरोखरच कॉफी प्यायला जायचा. यंदा माईक दुसऱ्याकडे होता, तरी सुट्टी त्याने घेतलीच.

त्याच सुट्टीत गुनबोर्गने टपरीवर पाटी उलटी केली, बेरिटच्या गाडीमागे जाऊन अंगात जाड सूट चढवला, हेल्मेट घातलं. खटारा चालू होईना. एकदा, दोनदा, तीनदा. बाकीच्या गाड्या रांगेत लागल्या होत्या. वेळेत रेषेवर पोचली नाही तर ती पळालीच नाही असं धरलं जाणार, आणि न पळणाऱ्याला मागणीचा हक्क नाही. तिला घाम फुटला. बेरिट मागून ढकलत होती, तिच्या तोंडी जे शब्द होते ते पाद्रीणबाईंनी ऐकले असते तर प्रवचनाला नवा विषय मिळाला असता. शेवटी उतारावर गाडी खोकली आणि चालू झाली. गुनबोर्ग रेषेवर पोचली तेव्हा झेंडा वर गेलेला होता, खाली यायचाच काय तो बाकी.

ती शेवटून दुसरी आली. पण ते काही महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे की पहिल्या वळणावर खटाऱ्याचं बूड घसरलं, आणि दुधाच्या ट्रकवर शिकलेले तिचे हात आपोआप उलट्या बाजूला फिरले आणि गाडी सरळ झाली. तेवीस वर्षं कुणी विचारलं नव्हतं तरी ते हात विसरले नव्हते. हेल्मेटच्या आत ती मोठ्याने हसली. सूट उतरवून ती परत टपरीवर आली तेव्हा सिगवार्ड तिथे उभा राहून कुरकुरत होता, की शर्यतीच्या दिवशी सॉसेजसुद्धा मिळत नाही, म्हणजे या क्लबाचं काय होणार. तिच्या कपाळावरचा चिखल त्याच्या नजरेला पडला नाही. तिने त्याला मोहरी जास्त घालून दिलं.

मग पुरुषांची अंतिम फेरी. आता अडवायला कुणी नाही म्हटल्यावर सिगवार्ड मोकाट सुटला. पिवळी अशी धावली की खाणीच्या कडेवर बसलेले म्हातारे उभे राहिले. टॉर्गनीला तिने दुसऱ्या फेऱ्यात मागे टाकलं, आणि टाकताना सिगवार्डने हॉर्न वाजवला, जो त्याने फक्त एवढ्यासाठीच गाडीत राहू दिला होता. तो जिंकला. खरं सांगायचं तर छान जिंकला. गाडीच्या अंगभर चिखल, बंपर लोंबतंय, आणि इंजिनाचा सूर मात्र सकाळी निघाला होता तसाच. गुनबोर्गने टाळ्या वाजवल्या, आणि त्या नवऱ्यासाठी नव्हत्या.

तिने हात पुसले, टपरीतून बाहेर आली आणि शर्यतप्रमुखाच्या टेबलावरच्या पत्र्याच्या डब्यात आपली मागणीची चिठ्ठी टाकली. कुणी पाहिलं नाही. सॉसेजवाली टेबलापाशी काहीतरी द्यायला गेली असेल, एवढंच.

शर्यतप्रमुखाने डबा उघडला. चार-पाच गाड्यांवर मागण्या होत्या. त्या वाचून होईतो सिगवार्ड ट्रेलरचे पट्टे सोडत होता, कारण आपलं नाव येणार नाही याची त्याला खात्री होती.

"पिवळी व्होल्वो, नोरेल," शर्यतप्रमुखाने वाचलं. "एक मागणी."

सिगवार्ड ताठ झाला. त्याने सुताराकडे पाहिलं, बँकवाल्याकडे पाहिलं आणि मग टॉर्गनीवर त्याची नजर खिळली. टॉर्गनीने दोन्ही हात वर केले.

"मागणारी, गुनबोर्ग नोरेल. बायकांचा वर्ग."

मग बेरिटने टाळी वाजवली आणि सगळं मैदान हसू लागलं. सिगवार्डच्या चेहऱ्यावर रंग चढला, उतरला, आणि मग तोही हसला. त्याला वाटलं, त्याला उलगडलं. जवळच्यांना तो सांगू लागला की बायको असावी तर अशी. दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून हिनेच घेऊन टाकली, बघा किती विचार केला हिने. तो चालत तिच्याकडे आला आणि हात पुढे केला.

"दे, कागद दे. ट्रेलरवर चढवू आणि नेऊन ठेवू कोठारात."

गुनबोर्गने ठरलेली किंमत टेबलावर ठेवली, सही केली आणि कागद घडी करून एप्रनच्या खिशात ठेवला. "कोठारात नाही," ती म्हणाली. "बेरिटकडे. पंधरा दिवसांनी नदीपलीकडे शर्यत आहे, मी नाव दिलंय."

"हिच्यात?"

"मग कशात? रस्त्यावर चालवण्यासारखी तू हिला ठेवलीस कुठे?"

सिगवार्डने मागे वळून पाहिलं. लोकांचं हसणं थांबलं होतं आणि सगळे ऐकत होते. त्याने आवाज खाली आणला. घरातलं घरात ठेवावं, असं काहीसं म्हणाला. मग तिची समजूत घालत म्हणाला की शर्यतीत उतरवली तर तिथेही कुणीही तिला मागेल, तिथल्या लोकांना तो ओळखतही नाही, त्यांची धुराडीसुद्धा दुसऱ्याच्या हद्दीत येतात.

"मागतील की," गुनबोर्ग म्हणाली. "चांगली गाडी आहे."

"मग निदान हळू चालव. मधल्या नंबरात ठेव. शेवटी आलीस तरी चालेल."

"मला नाही चालणार."

"अगं, ती जाईल, गुनबोर्ग." त्याचा आवाज फाटला. तेवीस वर्षांत तिने तो असा कधी ऐकला नव्हता, आणि तिला वाईट वाटलं, खरंच वाटलं. तिने त्याच्या बाहीवरचा चिखल झटकला.

"जाईल," ती म्हणाली. "तोवर मी चालवलेली असेल."

ती गाडीकडे गेली. पिंजऱ्याच्या नळ्यांमधून वाकून आत शिरली, त्याच्या उंचीला लावलेली सीट पुढे ओढली आणि आरसा आपल्या बाजूला वळवला. सिगवार्ड तिथेच उभा राहिला. मग त्याने विचारलं, नदीपलीकडच्या त्या शर्यतीत बायकांच्या वर्गात किती जणी असतात. ती म्हणाली की आजच्यातल्या निम्म्या तरी येतील, कुणाकुणाला विचारायचं ते बेरिटला ठाऊक आहे.

बेरिट टपरीच्या फळीला टेकून सॉसेज खात होती. सिगवार्डने डोक्यावरची टोपी काढली. तिच्यासमोर जाऊन उभा राहिला, पण तिने खाणं काही आवरतं घेतलं नाही, तेव्हा तो थांबून राहिला. शेवटी, पिवळीवर तेवढी मागणी टाकू नका, अशी विनवणी करायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात मागे पिवळी चालू झाली, पहिल्या झटक्याला. त्या आवाजात तो काय म्हणतोय ते बेरिटला ऐकू गेलं नाही, म्हणून त्याला तेच सगळं परत, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणावं लागलं.